कुंभारकन्येची गोष्ट लेकीला कशी सांगू? (सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा)

कसब्याची_लेक | २० डिसेंबर

नमस्कार मंडळी,

यंदा सात वर्षांनी गड्ड्याला, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेला, जातेय. उद्यान एक्स्प्रेसची तिकिटं निघाली, रजा मंजूर झाली, लेकीच्या शाळेत पत्र देऊन झालं. आम्ही बंगळुरात राहतो. जानेवारीच्या मधोमध इथल्या शाळेला आठवडाभर सुट्टी मिळत नाही, म्हणून दरवर्षी राहून जायचं. मधली दोन वर्षं तर करोनातच गेली. लेक आता आठ वर्षांची आहे. मागच्या वेळी माझ्या कडेवर झोपूनच तिची यात्रा झाली होती, त्यामुळे ही तिची पहिलीच म्हणायची.

सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. आमचं ग्रामदैवत म्हणजे सिद्धरामेश्वर. बाराव्या शतकातले शिवयोगी, बसवेश्वर आणि अल्लमप्रभूंच्या काळातले. तळ्यातलं देऊळ त्यांचं. त्यांनी सोलापूरच्या पंचक्रोशीत ६८ लिंगं स्थापन केली. संक्रांतीला धरून त्यांची यात्रा भरते आणि ही यात्रा म्हणजे एक लग्न असतं. कथा अशी की एक कुंभारकन्या रोज सिद्धरामांच्या अंगणात सडा-रांगोळी करायची. तिने लग्नाची इच्छा बोलून दाखवली. ते योगी, संसार कसा करणार? शेवटी त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला संमती दिली. तेच लग्न आम्ही दरवर्षी लावतो. योगदंडाचं प्रतीक म्हणून सात नंदीध्वज निघतात. आम्ही साध्या बोलण्यात त्यांना काठ्या म्हणतो. पहिल्या दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, तिसऱ्या दिवशी होम, चौथ्या दिवशी शोभेचं दारूकाम आणि पाचव्या दिवशी कप्पडकळी. त्या दिवशी मल्लिकार्जुनाच्या देवळात काठ्यांची वस्त्रं उतरवतात.

आमचं घर कसब्यात, मिरवणुकीच्या वाटेवर. आजी अक्कलकोटकडची, घरात कानडीच बोलायची. भोगीच्या आदल्या रात्री ती परातीत तांदूळ घेऊन बसायची. हळद, थोडं तेल, आणि मग दोन्ही तळहातांत घोळून घोळून एकेक दाणा पिवळा करायची. रंग नीट बसला नाही की पुन्हा घोळायची. सकाळी त्याच अक्षता पदराच्या गाठीत बांधून म्हणायची, "होगोण बा", चल, जाऊ या. तळ्याकाठी लाखभर माणूस आणि त्यात ती मला पुढे दामटून उभी करायची. एवढ्या गर्दीत कुणाच्या लग्नाला आल्याची तिला किंचितही शंका नसायची. ती मुलीकडची होती.

आता अडचण. लेकीला मी ही गोष्ट परवा सांगितली. लग्नापर्यंत तिला फार आवडली. तिने मला तीन प्रश्न विचारले: नवरी कुठे असते, तिचं नाव काय, आणि लग्नानंतर ती कुठे राहायला जाते. नवरीचं नाव मलाही कुणी कधी सांगितलं नाही. आम्ही सगळे कुंभारकन्याच म्हणतो. आणि तिसऱ्या प्रश्नाशी माझी वाचा बसली. कारण तिसऱ्या दिवशी होम मैदानावर बाजरीच्या पेंढीला साडी नेसवतात, बांगड्या भरतात, मणी-मंगळसूत्र घालतात आणि ती कुंभारकन्या म्हणून होमात जाते. लहानपणी मी ते बाबांच्या खांद्यावरून पाहिलंय. तेव्हा मला त्यात काहीच वाटलं नव्हतं. आता आठ वर्षांच्या मुलीला हे कसं सांगू? तिसऱ्या दिवशी तिला घरीच ठेवू का? तुम्ही तुमच्या मुलांना काय सांगता?

---

पंचकट्टा | २० डिसेंबर

ताई, येऊलालाव म्हटल्यावर फार बरं वाटलं. आधी व्यवहाराचं सांगतो. पहिल्या दिवशी विजापूर वेशीपाशी उभ्या राहा. तिथे मिरवणूक थांबत थांबत येते आणि काठी जवळून दिसते. त्या भागातली मुसलमान मंडळी दरवर्षी फुलं उधळून काठ्यांचं स्वागत करतात, तेही लेकीला दाखवा. अक्षतांच्या दिवशी मात्र सकाळीच तळ्याकडे जाऊन बसायचं. दुपारी निघालात तर पंचकट्ट्याच्या पुढे पाय ठेवायला जागा नसते. लहान मूल असेल तर खिशात नाव-नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवाच. गर्दीत मोबाइलला रेंज मिळत नाही.

होमाचं काय सांगायचं ते मला नाही सुचत. आमच्या पोरांनी कधी विचारलंच नाही.

---

दूरचा_वाचक | २१ डिसेंबर

मी यवतमाळचा, सोलापूर फक्त गाडीतून पाहिलंय. नंदीध्वज म्हणजे नेमकं काय? पताका असते का वर? आणि सातच का?

---

काठीवाला | २१ डिसेंबर

दूरचा वाचक यांना मी सांगतो, कारण मी काठी पेलतो.

नंदीध्वज म्हणजे उंच बांबू. वस्त्र गुंडाळून सजवलेला. लोक त्याला बाशिंग बांधतात, खारका-खोबऱ्याचे हार घालतात. ते नवसाचे असतात, त्यामुळे वाटेत कुणालाच नाही म्हणता येत नाही. वेशीपर्यंत पोचेस्तोवर काठीचं वजन घरून निघालो तेव्हापेक्षा वाढलेलं असतं. एका वेळी एकच माणूस पेलतो. बूड कंबरेशी, दोन्ही हात वर आणि नजर शेंड्यावर. पायाकडे बघायचं नाही. पाय कसा पडतोय ते बघायला मागेपुढे हात पसरून माणसं असतात. शेंडा हलला की तो कुठल्या अंगाला झुकणार हे हाताला आधी कळतं, डोळ्याला मागून. वारा सुटला तर मोठी कसोटी असते.

यात्रेच्या कितीतरी आठवडे आधी रात्री सराव सुरू होतो. दिवसभर नोकरी, यंत्रमाग, दुकान जे काय असेल ते करून पोरं येतात. पहिल्या वर्षी मला दहा पावलंसुद्धा जमली नव्हती. खांदे आणि पोटऱ्या आठवडाभर दुखत होत्या. अंगात पांढरी बाराबंदी, धोतर, डोक्याला फेटा. एकदा बाराबंदी चढवली की पाचही दिवस माणूस वेगळाच वागतो. घरात आवाज चढत नाही.

सात का, तर सात मान आहेत. पहिली काठी देवस्थानची, तिच्याबरोबर हिरेहब्बू असतात, तेच यात्रेचे मुख्य मानकरी. दुसरी कसब्याची. पुढच्या काठ्या वेगवेगळ्या समाजांच्या, त्यात विश्वब्राह्मण सोनार समाजाची आहे आणि शेवटच्या मातंग समाजाच्या आहेत. सगळ्या एका वाटेने, एका रांगेत जातात. एक काठी मागे राहिली तर पुढच्या थांबतात.

होमाच्या रात्री पहिल्या काठीला नागफणा बांधतात. त्या वजनाचं मी सांगत नाही, ते पेलणाऱ्यानेच सांगावं. आम्ही मागून नुसता श्वास धरून चालतो. सगळं होम मैदान गप्प होतं आणि मग कुणीतरी ओरडतं, "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र!" तेव्हा श्वास सुटतो.

ताई, मुलीला नक्की आणा. काठी जाताना तिच्या उंचीवरून शेंडा कसा दिसतो ते तिला विचारून मला सांगा. मला तो कधी खालून बघता आला नाही.

---

मोगरा_कळी | २१ डिसेंबर

माझं मत वेगळं आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडते. मी माहेरची सोलापूरची. यात्रेवर माझा जीव आहे. पण सतीची गोष्ट लहान मुलीपुढे भक्तीची गोष्ट म्हणून ठेवायला माझं मन धजत नाही. सती जाणं १८२९ मध्ये कायद्याने बंद झालं, ते बंद करायला माणसं झगडली. आपण मात्र दरवर्षी एका पेंढीला नवी साडी नेसवून तेच करतो आणि त्या साडीचा रंग कसा होता यावर घरी येऊन बोलतो. मी माझ्या मुलीला पहिले दोन दिवस नेते. तिसऱ्या दिवशी आम्ही घरी शेंगापोळ्या करतो.

---

वचनवाचक | २१ डिसेंबर

मोगरा, तुमचा मुद्दा खोडून काढायला हे लिहीत नाही. तो आहेच. फक्त एक बाजू सांगतो.

सिद्धरामेश्वर शरण परंपरेतले, म्हणजे बसवेश्वरांच्या वाटेवरच्या शिवभक्तांतले. त्यांनी कानडीत वचनं लिहिली आणि प्रत्येक वचनाच्या शेवटी 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' ही नाममुद्रा येते. लहानपणी गुरं राखताना त्यांना मल्लिकार्जुन जंगमाच्या रूपात भेटला. त्याला दहीभात हवा होता. हे घरून घेऊन आले तर तो गायब. त्याला शोधत शोधत पोरगा श्रीशैलापर्यंत गेला. मल्लय्या, मल्लय्या म्हणून हाका मारत. ही गोष्ट आमच्याकडे कुंभारकन्येच्या आधी सांगतात. शोधणारा माणूस शेवटी ज्याला शोधतोय त्यात मिसळतो, याला शरण 'ऐक्य' म्हणतात. आमच्या घरी होमाकडे याच नजरेने बघतात. लग्न झालं आणि ती त्याच्याशी एकरूप झाली. कुणी बळजोरीने तिला ढकललं नाही, कुणी तिच्या मागे वाद्यं वाजवून तिचा आवाज दाबला नाही.

धागाकर्तीच्या मुलीला बंगळुरात कानडी येत असेलच. मग तिच्याबरोबर दोन-तीन वचनं वाचून बघा. सोलापूरच्या देवाची भाषा तिच्या शाळेतल्या मैत्रिणींची भाषा आहे, हे तिला फार आवडेल. आमच्या सोलापूरचं जुनं नावही कानडी ग्रंथांत सोन्नलिगे असं येतं.

---

मोगरा_कळी | २२ डिसेंबर

'ऐक्य' समजलं, आणि तुम्ही ते फार छान मांडलंत. पण मग पेंढी तिचीच का? योगदंडाची का नाही? हा माझा प्रश्न उरतोच.

---

चाकावरची_माती | २२ डिसेंबर

मी या धाग्यावर लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. आता लिहितो.

आम्ही कुंभार. सोलापुरातलेच. मानाचं घर आमचं नाही, ते दुसरं. पण यात्रेच्या आधी मानाच्या कुंभारांकडून घागरी हिरेहब्बूंकडे जातात तेव्हा सगळ्या कुंभारवाड्याला वाटतं आपल्याच घरातून काही निघालंय. मला लहानपणी आईने सांगितलं होतं, 'आपली पोरगी लग्नाला निघाली.' आमच्याकडे कुंभारकन्या ही पुराणातली बाई नाही. ती घरातली मोठी बहीण, जी कुणाच्या लक्षात यायच्या आधी पहाटे उठून अंगण सारवायची.

तुमच्या लेकीला नाव हवंय. आमच्याकडेही नाव नाही. पण एक गोष्ट सांगतो. मी पंधरा-सोळा वर्षांचा असताना अक्षतांच्या दिवशी एका मोठ्या माणसाने मला गर्दीत मागे सारलं, "कुठून आला रे, मागं हो" म्हणत. मी रडकुंडीला येऊन घरी आलो. वडील चाकावर होते. हात तसेच चिखलाचे ठेवून त्यांनी विचारलं, लग्न कुणाचं होतं? मी म्हटलं, आपल्या पोरीचं. मग मागं कसा झालास, म्हणाले. तेवढंच. पुन्हा चाक फिरवायला लागले. त्या वर्षीपासून मी पहिल्या रांगेत असतो, कुणी काही म्हणो.

म्हणून होम बघताना मला सती दिसत नाही. आमची मुलगी सगळ्या शहरापुढे जाते आणि सगळं शहर तिला हात जोडतं, हे मला दिसतं. मोगराताईंचा प्रश्न मात्र मलाही पडलाय. पेंढी तिचीच का. माझ्याकडे उत्तर नाही. पण माझ्या मुलीने विचारलं तर तो प्रश्न चुकीचा आहे असं मी तिला सांगणार नाही.

---

दूरचा_वाचक | २२ डिसेंबर

तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. यंदा मी येतो. राहायची सोय कुठे होईल?

---

पंचकट्टा | २२ डिसेंबर

भाऊ, या. त्या आठवड्यात लॉजवर आयत्या वेळी खोली मिळत नाही, आत्ताच फोन करा. मुंबईकडून येणार असाल तर रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस, पुण्याहून हुतात्मा. आमच्या गावच्या दोन्ही गाड्यांची नावं तुम्हाला जानेवारीतच नीट कळतील.

---

जुनी_मिल | २३ डिसेंबर

वरच्या वाक्याचा अर्थ नव्या मुलांसाठी उलगडतो. १२ जानेवारी १९३१ रोजी सोलापूरचे चार हुतात्मे येरवड्याला फासावर गेले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे. १९३० च्या मार्शल लॉनंतरचा तो खटला. म्हणजे यात्रेच्या अगदी उंबरठ्यावर. माझे वडील जुन्या मिलमध्ये कामाला होते. ते सांगायचे, घरात दोन्ही दिवस लागून यायचे, एक हात जोडायचा आणि एक मान खाली घालायचा. आजही १२ तारखेला चार पुतळ्यापाशी हार घालून मग मी यात्रेच्या तयारीला लागतो. होम मैदान तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

आणखी एक. तुम्ही लोकांनी भाकणुकीचं काहीच लिहिलं नाही! होमाच्या रात्री देशमुखांचं वासरू आणतात. ते दिवसभर उपाशी ठेवलेलं असतं. त्याच्यापुढे धान्य, गूळ, गाजर, फळं असं ठेवतात आणि ते काय हुंगतं, काय खातं, कशाला तोंड लावत नाही, यावरून येणाऱ्या वर्षाचं सांगतात. ज्याला तोंड लावलं ते महागणार, अशी समजूत. मूतलं तर पाऊस चांगला. बुजलं, बिथरलं तर लोक एकमेकांकडे बघतात. आसपासच्या गावांतले शेतकरी यासाठी थंडीत घोंगडी पांघरून मैदानावर थांबतात. सोलापूर दुष्काळी भाग. पावसाचं कुणी चार शब्द बोललं की इथला माणूस कान देतो, मग बोलणारं वासरू का असेना.

जनावरांचा बाजार रेवणसिद्धेश्वराकडे भरतो. खिलार बैलांच्या जोड्या बघायच्या तर तिकडे जा. आणि मुलीला हुरडा खाऊ घाला. गरम हुरडा, शेंगाचटणी आणि वर थोडा गूळ. बंगळुरात मिळणार नाही.

---

माईनकाठ | २३ डिसेंबर

फ्रँकफर्टहून. २०२१ मध्ये यात्रा मोजक्या माणसांत झाली, गड्डा भरलाच नाही. आम्ही इथे सकाळी उठून मोबाइल टेबलावर पाण्याच्या पेल्याला टेकवला होता. बाहेर बर्फ. आईने सोलापुरातून व्हिडिओ कॉल लावलेला, इथे दोन मुलं पायजमा-कुडत्यात. संमती वाचन सुरू झालं, "सत्यम सत्यम, नित्यम नित्यम" ऐकू आलं आणि आम्ही चौघांनी स्क्रीनवर अक्षता टाकल्या. नंतर कितीतरी दिवस सोफ्याच्या फटीतून पिवळे दाणे निघत होते. बायकोने झाडून काढले नाहीत.

धागाकर्तीला एवढंच सांगेन, जा. मुलीला काय सांगायचं ते वाटेत सुचेल.

---

बाळीवेस | २४ डिसेंबर

थोडं कडवट लिहितो, राग मानू नका. काठ्यांच्या पुढेमागे अलीकडे जे मोठमोठे स्पीकर लागतात त्याने हलगी ऐकू येत नाही. हलगीवर पाऊल पडतं, स्पीकरवर पडत नाही. आमच्या घरी आई आजारी असते, भिंत थरथरते. दारूकामाच्या रात्री तर कुत्री पलंगाखाली. आणि दुसऱ्या दिवशी तळ्याच्या काठाला प्लास्टिकचा थर. देवाने स्वतः उभं राहून हे तळं खोदवलं असं आपण सांगतो आणि त्यातच पिशव्या टाकतो.

---

काठीवाला | २४ डिसेंबर

बाळीवेस यांचं शंभर टक्के पटलं. आम्ही पेलणारे दरवर्षी हेच सांगतो. काठी हलगीच्या तालावर चालते. दुसरा आवाज मध्ये शिरला की पाऊल चुकतं, आणि पाऊल चुकलं की शेंडा हलतो. आमच्या आळीतल्या पोरांनी यंदा तळ्याच्या काठावर पहाटे झाडलोट करायचं ठरवलंय. येणार का?

---

बाळीवेस | २४ डिसेंबर

येतो.

---

कसब्याची_लेक | २६ डिसेंबर

सगळ्यांचे आभार. चाकावरची_माती, तुमचा प्रतिसाद मी लेकीला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "त्या काकांच्या बाबांचे हात चिखलाचे होते, म्हणून त्यांनी जवळ नाही ना घेतलं?" मी म्हटलं, बहुतेक.

तिसऱ्या दिवसाचं अजून ठरत नाहीये. बघू.

---

कसब्याची_लेक | १९ जानेवारी

परवा रात्री परत आलो. धागा वर काढतेय, कारण सांगायचं राहिलंय.

पहिल्या दिवशी पहाटे चारला आमच्या गल्लीत बायका रांगोळ्या काढायला रस्त्यावर उतरल्या. दरवर्षीच उतरतात. आजी असताना मीही काढायचे, पण तेव्हा मला ते नुसतं सजवणं वाटायचं. यंदा लेक उठून बसली, स्वेटरवर स्वेटर घालून बाहेर आली. शेजारच्या काकूंनी तिला रांगोळीचा डबा दिला. ती काढत काढत मध्येच थांबली आणि मला विचारलं, "ती अशीच काढायची ना? नवरी. त्यांच्या अंगणात." मी हो म्हटलं. मला ते आजवर कधी सुचलं नव्हतं. वाटभर शेकडो बायका त्या एका मुलीचं काम करतात आणि कुणी ते मोठ्याने म्हणतही नाही.

काठीवाला, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ती म्हणाली, "शेंडा ढगाला धरून चालतो, खालचे काका फक्त त्याला सोबत करतात." तिने तुम्हाला असं कळवायला सांगितलंय.

अक्षतांच्या दिवशी आम्ही सकाळी नऊलाच तळ्यावर बसलो. तांदूळ मी आजीसारखेच रात्री घोळले होते, पण आजीसारखा रंग नाही बसला. ते काही दाणे लेकीने कंपासपेटीत ठेवलेत. गर्दीत आमच्या पुढे एक काका होते. लेक त्यांच्या कोपराखालून पुढे घुसली आणि मोठ्याने म्हणाली, "आम्ही मुलीकडचे." ते बाजूला झाले. चाकावरची_माती, हे तुमच्यासाठी.

होमाला गेलो. मी तिला आधीच सगळं सांगितलं. पेंढी, साडी, होम, सगळं. ऐक्याचंही सांगितलं आणि मोगराताईंचा प्रश्नही सांगितला. तिला दोन्ही माहीत असावं असं वाटलं. ती माझा हात धरून उभी होती. पेंढीला साडी नेसवताना तिने टाचा उंचावून पाहिलं. आग पेटली तेव्हा तिने तोंड माझ्या कुशीत लपवलं आणि मी तिला बळेच वळवलं नाही. नागफण्याची काठी आली तेव्हा मात्र पुन्हा वळली. वासरू बघायला ती थांबली नाही, तोवर झोपली होती. जुनी_मिल काका, वासराचं काय झालं ते तुम्हीच लिहा.

घरी येताना रात्री साडेबारा वाजून गेले होते. गल्लीत तिची सकाळची रांगोळी कुठे होती ते ओळखू येईना. काठ्यांबरोबरच्या सगळ्या पावलांनी ती पुसून रस्त्यावर पांढरा-गुलाबी पट्टा पसरवला होता, पार वळणापर्यंत. मी झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन त्या पट्ट्यावरून चालत आले. घरात आल्यावर तिचे मोजे काढले तर तळव्यांना रांगोळी लागलेली.

---

चाकावरची_माती | १९ जानेवारी

ताई, पुढच्या वर्षी कुंभारवाड्यात या. घागरी निघायच्या आदल्या दिवशी. तिला चाकावर बसवतो.